अकरावा नियम

६ सप्टेंबर १९७२, बुधवार

टेकडीवरच्या आमच्या वस्तीच्या समितीची नियमावली पूर्ण झाली. एकवीस नियम, दीड पान. अध्यक्ष हॉबर्टनं दिलेला मसुदा चार पानांचा होता. नऊ वर्षं मुलांचे निबंध कापले, हात अजून विसरलेला नाही. शाळा आता नाही. गोऱ्यांची शाळा आणि आम्हा काळ्यांची शाळा एक झाली, म्हणजे मुलं तिकडे गेली आणि आमच्या इमारतीला कुलूप लागलं. शिक्षकांना तिकडे जागा नव्हती.

सगळ्यात जास्त वेळ अकराव्या नियमावर गेला. हॉबर्टचं वाक्य असं होतं: 'सभासदानं लोकांकडून मागून किंवा दबाव आणून काहीही घेऊ नये.' मी 'मागून किंवा दबाव आणून' काढलं. वाक्य घट्ट झालं.

हॉबर्टनं वाचलं. "जरा जास्तच कडक होत नाही का हे?"

"सैल ठेवायचा असेल तर नियम कशाला?"

वसंतात काय झालं ते त्यालाही आठवत असणार. एका सभासदानं समितीचं नाव सांगून दुकानांतून डुकराच्या भाजलेल्या मांड्या गोळा केल्या आणि घरी नेल्या. गोऱ्यांच्या वर्तमानपत्रानं आठवडाभर आम्हाला गुंड म्हटलं. हॉबर्टनं सही केली. "म्हणून तर शिस्तीचं काम तुमच्याकडे दिलं, सिस्टर टॉलिव्हर."

सायक्लोस्टाइलवर दोनशे प्रती काढल्या. प्रत्येक कागदाच्या तळाशी समितीचा फोन नंबर.

९ सप्टेंबर, शनिवार

गाडी आली. मयताचं काम करणाऱ्या बीसलींची ही जुनी शववाहिका, आता आमची अँब्युलन्स. थर्मन पेटिफोर्ड आणि क्लेमंटनं तिला पांढरा रंग दिला आहे. दाराच्या कडेला खालचा काळा दिसतो.

सरकारी अँब्युलन्स टेकडीवर यायला दीड तास लावते, कधी येतच नाही. म्हणून आमच्याकडे आजारी माणसालाही बीसलींच्याच गाडीतून न्यायची पद्धत. माणूस वाटेत गेला तर गाडी नुसती वळवायची. थर्मननं आठ वर्षं त्यांच्याकडे ही गाडी चालवली. आता तीच चालवण्यासाठी तो समितीत आला आहे. क्लेमंट आणि तो, दोघांनी प्रथमोपचाराचा वर्ग पुरा केला.

चर्चच्या अंगणात लोकांना गाडी दाखवली. आत झोपून बघा म्हटलं तर कोणी पुढं येईना. मिस लुवेनिया गँट सगळ्यांत पुढं कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. वय त्र्याहत्तर.

"रंग फासला म्हणून मी फसायची नाही," त्या म्हणाल्या. "ह्या गाडीत मी एकदाच झोपणार आहे, आणि अजून माझी तयारी झालेली नाही."

"झोपता कशाला, मिस लुवेनिया? पुढं माझ्या शेजारी बसा," थर्मन म्हणाला.

"तुझं गाडी चालवणं बघितलंय मी. शेजारी बसलं काय आणि मागं झोपलं काय, पोचायचं एकाच ठिकाणी."

लोक खूप हसले. मला हसू नंतर आलं, घरी, चहा करताना.

थर्मन मला 'बाई' म्हणतो. तो माझ्या वर्गात कधीच नव्हता, माझ्याहून दोन वर्षांनी मोठाच आहे. समितीत सगळे एकमेकांना ब्रदर आणि सिस्टर म्हणतात, हे मी त्याला सांगितलं.

"बरं बाई," तो म्हणाला.

२० सप्टेंबर, बुधवार

बारा दिवसांत चौदा फोन. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा फोनवर मी असते. गाडीची किल्ली माझ्या खुर्चीमागं खिळ्यावर. कोणी कधी नेली, कधी आणली, ते लिहून ठेवते.

दोन फेऱ्यांच्या मध्ये थर्मन माझ्या टेबलापाशी येऊन बसतो. बाहेर बाक आहे, हे मी त्याला दोनदा सांगितलं. नियमाप्रमाणं रोज दोन तास वाचायचं असतं. तो पुस्तक उघडतो आणि शब्द विचारतो. आज 'क्षतिपूर्ती' विचारला, मग 'सार्वभौम'. ज्या माणसाला प्रत्येक मंत्र्याचं नाव पाठ आहे त्याला 'सार्वभौम' अडावा, याचं नवल वाटलं. त्याचं वाचन कच्चं आहे. मदत करणं माझं कर्तव्य आहे.

२९ सप्टेंबर, शुक्रवार

टेकडीवर घरोघरी नियमावली वाटायला गेले होते. लोकांनी आमच्याकडून काय अपेक्षा धरायची, हे त्यांना लेखी मिळालं पाहिजे.

गँट यांच्या घरासमोर गाडी उभी होती. मिस लुवेनियांना दर आठवड्याला छातीच्या दुखण्यासाठी दवाखान्यात न्यावं लागतं, थर्मननं त्यांना परत आणलं असणार. खिडकी उघडी होती. तो टेबलाशी बसला होता, हातात काटा, समोर केकचा मोठा तुकडा. मिस लुवेनियांची नात डेल्फीन कॉफी ओतत होती. तो काहीतरी सांगत होता आणि ती इतकी हसत होती की तिला किटली खाली ठेवावी लागली. मी पुढच्या घरी गेले.

दुपारी त्यानं माझ्या टेबलावर फडक्यात बांधलेली ताटली ठेवली. निळ्या काठाची.

"लोण्याचा केक. मिस लुवेनियांनी दिलाय. तुमच्यासाठी, बाई."

"मी त्यांचं काही केलेलं नाही."

"फोन तुम्ही उचललात ना."

"अकरावा नियम वाचला आहे तुम्ही?"

तो आधी हसला. मग त्यानं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. "बाई, हा केक आहे. खंडणी नाही."

"घेतला की घेतलाच. तिथं बसून तुम्ही खाल्लात आणि वर इथंही आणलात."

"ती म्हातारी पंधरा दिवस गाडीकडे पाठ फिरवून बसत होती. आता पुढच्या सीटवर बसते, खिडकीची काच खाली करते, ओळखीच्यांना हात करते. तिच्या ताटाला नाही म्हटलं असतं तर बसली असती का?"

फडकं न सोडता ताटली क्लेमंटच्या हाती परत पाठवली. खाली नियमावलीची एक प्रत घातली, अकराव्या नियमाखाली लाल रेघ मारून.

मग वहीत नोंद केली. चार रकाने: तारीख, नाव, नियम क्रमांक, काय घडलं. मी रागावले नव्हते. अक्षर जरा हललं आहे. दुपारचं जेवण राहून गेलं होतं.

४ ऑक्टोबर, बुधवार

आज दोषसभा. ज्याचं नाव वहीत असेल त्यानं उभं राहायचं, इतरांनी एकेक करून बोलायचं, सगळ्यांचं होईपर्यंत त्यानं तोंड उघडायचं नाही. ही पद्धत मला आवडते. शाळेत हे कधी जमलं नाही.

मी नोंद वाचून दाखवली. क्लेमंटनं हात वर केला. "सिस्टर, टेबलावर केक होता, कॉफी होती, कोण किती हसलं, सगळं आलंय ह्यात. खिडकीशी किती वेळ उभ्या होतात?"

बाकी हसले. प्रश्न विषयाला धरून नव्हता, असं मी सांगितलं.

थर्मनची पाळी शेवटी आली. तो फार बोलला नाही. "पाद्री दर रविवारी ह्या लोकांच्या कोंबड्या खातो, ते मलाही पटत नाही. पण तो बोलावणं मागून घेतो. मी मागितलं नव्हतं. ह्या लोकांनी जन्मभर गोऱ्यांच्या घरी रांधलं आणि मागच्या दारानं उष्टं घरी आणलं. स्वतःच्या टेबलावर स्वतःच्या मर्जीनं कोणाला वाढलं आणि तो नको म्हणाला, तर त्यांना काय वाटेल? बाईंनी ताटली जशीच्या तशी परत पाठवली. मिस लुवेनियांनी ती माझ्यासमोर उघडली. तेवढंच सांगायचं होतं."

हॉबर्ट माझ्याकडे बघत होता. "समज देऊन सोडावं का?"

चौथा नियम मी वाचला. दोष सिद्ध झाल्यास तीन आठवडे निलंबन, त्या काळात सभासदानं गाडीला व किल्लीला हात लावायचा नाही.

"काही अपवाद?"

"अपवाद लिहिलेला नाही."

कारण मी तो काढला होता. हॉबर्टच्या मसुद्यात 'अध्यक्षांच्या परवानगीशिवाय' असं होतं. मग अध्यक्षांशिवाय काहीच चालत नाही अशी सवय लागते, म्हणून काढला. पाच मतं बाजूनं, तीन विरुद्ध.

थर्मननं मान हलवली. त्याला राग आलेला दिसला नाही. राग आला असता तर बरं वाटलं असतं.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

तो रोज येतो. आत येत नाही, पायऱ्यांवर बसतो. डबा घरून आणतो.

"पायऱ्यांवर बसायला कुठला नियम आड येतो, बाई?"

"कुठलाच नाही."

"मग बसतो."

तंबाखूचा हंगाम आहे, गावभर गोड उग्र वास. आज दुपारी पायऱ्या रिकाम्या होत्या. पाऊस येतोय का बघायला मी दोनदा दारापर्यंत गेले. तीनला तो आला. आईला दंतवैद्याकडे नेलं होतं म्हणाला. मी विचारलं नव्हतं.

निलंबन पंचवीस तारखेला संपतं.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

घडलं तसं लिहिते.

क्लेमंट दीड वाजता स्वतःच्या मोटारीनं प्राणवायूचे सिलिंडर भरून आणायला शेजारच्या गावी गेला. गाडी दारात होती.

दोन वाजून दहा मिनिटांनी फोन. डेल्फीन. "आजीला श्वास घेता येत नाहीये. ओठ निळे पडलेत."

मी म्हणाले, "गाडी पाठवते." गँट हे नाव मी मोठ्यानं उच्चारलं असावं. थर्मन आत आला होता.

"बाई, किल्ली."

मी सरकारी अँब्युलन्सला फोन लावला. त्यांनी पत्ता विचारला, मग गाडी बाहेर गेल्याचं सांगितलं. तंबाखूच्या कारखान्यात हॉबर्टला फोन लावला. मुकादम म्हणाला, कामाच्या वेळी कामगाराला फोन देत नाही.

"मागच्या गल्लीनं तीन मिनिटं," थर्मन म्हणाला. "किल्ली द्या आणि माझं नाव वहीत दहा वेळा लिहा. हाकलून द्या. पण किल्ली द्या."

मी म्हणाले, "क्लेमंट येईलच."

मी उठून उभी होते. खिळा माझ्या पाठीशी होता. त्याचा हात लांब आहे, त्यानं माझ्या खांद्यावरून नुसता हात पुढं केला असता तरी किल्ली मिळाली असती. त्यानं केला नाही. मी देईन असं त्याला वाटत होतं. मलाही वाटत होतं. मी किल्ली खिळ्यावरून काढून मुठीत धरली, हे आठवतं. मग मूठ उघडली नाही.

तो माझ्याकडे बघत राहिला. एक मिनिट असेल. मग बाहेर पडला आणि टेकडीच्या दिशेनं पळत सुटला.

मला गाडी चालवता येत नाही.

क्लेमंट दोन एकतीसला आला आणि गाडी घेऊन गेला. तो टेकडीवर पोचला तेव्हा गँट यांच्या दारात बीसलींची नवी काळी गाडी उभी होती. वाट बघून डेल्फीननं त्यांना बोलावलं होतं, लोक पूर्वी बोलवायचे तसं. ओसरीवर थर्मन मिस लुवेनियांना पाठीमागून धरून बसला होता, श्वास सोपा व्हावा म्हणून सरळ बसवून. क्लेमंट म्हणाला, त्यांचा श्वास थांबून थोडा वेळ झाला होता, पण थर्मन त्यांना आडवं करू देत नव्हता.

डॉक्टर म्हणाले, दहा मिनिटं आधी आणलं असतं तर कदाचित. मग म्हणाले, कदाचित तरीही नाही.

तळहातावर किल्लीच्या दातांचा वळ होता. रात्रीपर्यंत गेला.

१८ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी खिळ्यावर किल्लीशेजारी थर्मनचा समितीचा बिल्ला अडकवलेला होता. चिठ्ठी नव्हती.

दोषसभेला तो आला नाही. हॉबर्टनं एक मिनिट उभं राहायला सांगितलं. मग म्हणाला, "दुःख सगळ्यांनाच आहे. पण कठीण वेळी सिस्टर टॉलिव्हरनं शिस्त राखली. संघटना अशानंच टिकते." ते इतिवृत्तात घ्या म्हणाला. इतिवृत्त मीच लिहिते.

मी वही पुढं ओढली. तारीख लिहिली, माझं नाव लिहिलं. तिसऱ्या रकान्यात काय लिहायचं? एकवीस नियम मला पाठ आहेत. क्रमानं म्हटले, मग उलट म्हटले. मी मोडलेला नियम त्यांत नाही.

"काय करताय?" हॉबर्टनं विचारलं.

"माझी नोंद."

"नियम मोडला नाहीत तर नोंद कसली? वही खराब करू नका."

"मी उभी राहते. तुम्ही सगळ्यांनी बोला."

कोणी बोललं नाही. क्लेमंट टेबलाकडे बघत होता. खिडकीची त्यानं आज आठवण काढली नाही, याबद्दल मी त्याची आभारी आहे. थोड्या वेळानं मी खाली बसले.

२१ ऑक्टोबर, शनिवार

अंत्यविधी झाला. बीसलींची नवी काळी गाडी. चालवत होता थर्मन, पांढरे हातमोजे घालून. तो त्यांच्याकडे परत गेला आहे. गाडी फार सावकाश आली. एवढ्या सावकाश चालवताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

नंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. मी दारातून परत जाणार होते. डेल्फीननं पाहिलं.

"बसा."

"मी फक्त सांगायला आले होते की..."

"आधी खा. भुकेल्या माणसाचं ऐकून घ्यायचं नाही, असं आजी म्हणायची. खोटंच बोलतो म्हणायची."

तिनं ताट समोर ठेवलं. कोंबडी, पालेभाजी, मक्याचा पाव. आणि ती शेजारी बसून राहिली. मी खाल्लं. मध्ये एकदा थांबले, तेव्हा तिनं ताटाकडे नुसतं पाहिलं.

"तुमचा तो कागद आजीनं फोनशेजारी चिकटवला होता," ती म्हणाली. "खाली नंबर होता म्हणून."

"त्यांनी वाचला होता?"

"दोनदा. लाल रेघेवरून बोट फिरवलं. म्हणाली, ह्या पोरीला घरी कोणी खायला घालत नसणार."

तिनं माझ्या ताटात आणखी पालेभाजी वाढली.

"त्या केकच्या दिवशी थर्मननं आम्हाला हसवून हसवून मारलं. घरी कोशात अवघड शब्द शोधून ठेवतो म्हणे, तुम्हाला विचारायला. मग आठवडाभर सराव करतो, तुम्ही अर्थ सांगितलात की पहिल्यांदाच ऐकल्यासारखं तोंड करता यावं म्हणून." ती हसली आणि लगेच डोळे पुसले. "आजी म्हणाली, अरे गाढवा, शब्द कशाला नेतोस? केक ने."

मग मला जे सांगायचं होतं ते सांगितलं. किल्ली माझ्या हातात होती, हे सांगितलं.

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "क्षमा वगैरे मागू नका आज. आज मला द्यायला जमणार नाही."

निघताना तिनं एक ताटली हातात दिली, फडक्यात बांधलेली. निळ्या काठाची.

"शेजारणीनं केक केलाय, आजीसारखा नाही झाला. ताटली परत आणून द्या. आणि रिकामी आणायची नाही, एवढं ठाऊक असेल ना?"

केक घरी आणून खाल्ला. उभ्यानं, स्वयंपाकघरात, सगळा.

१ नोव्हेंबर, बुधवार

अकराव्या नियमात 'मागून किंवा दबाव आणून' परत घातलं. चौथ्यात अपवाद घातला. एक बाविसावा नियम लिहायला घेतला. सात वेळा लिहिला आणि सात वेळा खोडला. किल्ली केव्हा द्यायची हे एका वाक्यात बसत नाही. दहा वाक्यांतही बसत नाही.

हॉबर्टनं न वाचताच सही केली. नवे चालक मिळाले आहेत, दोघं. त्यांना मागची गल्ली ठाऊक नाही.

५ नोव्हेंबर, रविवार

मला केक येत नाही. पहिला मध्येच बसला. दुसरा कच्चा राहिला. तिसरा खालून करपला, तळ सुरीनं खरवडला आणि ताटलीत ठेवला. फडकं धुऊन इस्त्री केलं होतं.

टेकडीची वाट बीसलींच्या अंगणावरून जाते. थर्मन बादली घेऊन काळी गाडी धूत होता. मी फाटकाशी थांबले. काय बोलायचं ते मी वाटेत ठरवलं होतं. त्याला एखादा शब्द विचारायचा, असं ठरवलं होतं.

त्यानं वर पाहिलं. ताटलीकडे पाहिलं, तिचा निळा काठ ओळखला असावा. हातातलं फडकं पिळलं. मान किंचित लववली.

"सिस्टर टॉलिव्हर," तो म्हणाला.

आणि पुन्हा गाडीकडे वळला.

चढ बराच आहे. ताटली दोन्ही हातांनी धरून मी वर गेले.